आतून दिलेला डाग

माझे सासरे आमच्याकडे पहिल्यांदा मुक्कामाला आले ते लघवीची नळी लावून आले. त्याआधी त्यांचं येणं म्हणजे सकाळच्या एस.टी.ने यायचं, पिशवीतून आणलेल्या मुगाच्या शेंगा ओट्यावर ठेवायच्या, चहा घ्यायचा आणि दुपारच्या गाडीला परत. राहा म्हटलं की म्हणायचे, "मेंढरं हायती." पुढे मेंढरं विकून टाकली, सासूबाई गेल्या, मागे पाच-सहा शेळ्या उरल्या, तरी उत्तर तेच राहिलं. कऱ्हाटीच्या पुढे माळावर त्यांचं पत्र्याचं घर होतं. तिथे ते एकटे राहत, स्वतःची भाकरी स्वतः थापत. मी त्यांना मामा म्हणत असे. ते आले की डोक्यावरचा पदर सारखा करायचा, ताट वाढायचं आणि आत जायचं, एवढाच आमचा संबंध. त्यात कमी-जास्त करावं असं त्यांनाही वाटत नव्हतं आणि मलाही नाही.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा इंदापुरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. नवरा साखर कारखान्यात होता, मुलं शाळेत. मी घरून डबे देत असे. कारखान्यातली एकटी राहणारी माणसं, बँकेतले दोघे-तिघे, एक मास्तर. पहाटे कणीक मळायला बसायचं ते दुपारी डबे गेल्यावरच पाठ टेकायची, आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

मामांना त्रास केव्हा सुरू झाला ते कोणालाच ठाऊक नाही. विचारलं तर म्हणायचे, "उन्हाळी लागलीया." उन्हाळी म्हणजे अंगातली उष्णता, असं सगळ्यांनीच धरलं होतं. त्यामुळे जो भेटेल तो थंड काहीतरी सांगे. धने भिजवून प्या, सब्जा घ्या, बेंबीत एरंडेल घाला. मामांनी हे सगळं केलं आणि कोणाला काही बोलले नाहीत. शेवटी सुप्याच्या बाजारात, शेळीचा सौदा चाललेला असताना, त्यांची लघवी पूर्ण बंद झाली. दुपारपर्यंत ते तसेच उन्हात बसून राहिले. बरोबर तात्या होते, मामांच्या बरोबरीचे, तरुणपणी मेंढरांमागे दोघे कोकणापर्यंत चालत गेलेले. मामांना ते आबा म्हणत. तात्यांनी पाहिलं की आबा सौद्यात घासाघीस करीत नाही, समोरचा म्हणेल ते कबूल करतोय. तेव्हाच त्यांना कळलं की काहीतरी मोठं बिनसलंय. जीपमध्ये घालून त्यांनी मामांना बारामतीला आणलं.

बारामतीच्या डॉक्टरांनी नळी घातली आणि सांगितलं की प्रोस्टेटची गाठ वाढून मूत्रमार्ग दाबला गेलाय, ऑपरेशन करावं लागेल. मग हृदयाची तपासणी झाली आणि ऑपरेशनचा विषय संपला. मामांना आदल्या वर्षी झटका येऊन गेला होता. तोही त्यांनी घोंगड्यात अंग गुंडाळून माळावरच काढला होता. भूल देण्यात धोका आहे, असं डॉक्टर म्हणाले.

"मग?" नवऱ्याने विचारलं.

"मग नळी. महिन्या-महिन्याला बदलायची."

"किती महिने?"

डॉक्टर पुढच्या महिन्याची तारीख लिहू लागले.

नळी लावलेला माणूस माळावर एकटा कसा राहणार? मामा इंदापूरला आले. बाहेरच्या खोलीत त्यांची खाट टाकली. शेळ्या तात्यांकडे ठेवल्या. त्या पहिल्या रात्री जेवताना मामा नवऱ्याला म्हणाले, "शेळ्या इकू नगा. नळी निगाली की मी चाललो." त्यानंतर हे वाक्य ते रोज म्हणत. मी आतून ऐकत असे आणि माझ्या मनातही तेच असे. नळी निघावी आणि ते जावेत. मला त्यांचा राग नव्हता. पण दोन खोल्या, डब्यांचा पसारा, बाहेरच्या खोलीत परपुरुषासारखे अंग चोरून बसलेले सासरे, आणि मी दिवसभर डोक्यावर पदर घेऊन चुलीपुढे. त्यांनाही माझ्या पायात पायात राहायचं नव्हतं. आमचं दोघांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं होतं आणि ते आम्ही एकमेकांना सांगू शकत नव्हतो.

लघवीची पिशवी हा तर बोलण्याचा विषयच नव्हता. ती धोतराच्या आड, मांडीला बांधलेली असे. खाटेवर आडवे झाले की ती घोंगड्याखाली. सुनेच्या नजरेला ती पडणं म्हणजे त्यांच्या लेखी मरण. सकाळ-संध्याकाळ नवरा ती मोरीत ओतायचा. गळीत हंगाम सुरू झाला, त्याची पाळी बदलू लागली, मग मामा स्वतःच मोरीचं दार लावून ओतू लागले. मी मोरीच्या बाजूला फिरकायचं नाही, हे न सांगता ठरलेलं होतं.

दर महिन्याला बारामतीची फेरी. इंदापूर-बारामती गाडीत लासुर्ण्यापर्यंत जागा मिळाली तर नशीब. ऊसवाहतुकीच्या बैलगाड्यांमागे एस.टी. रांगत चाललेली, मामा दांडीला धरून उभे, पिशवी मांडीला. कोणी उठून जागा दिली तर "न्हाय, बसा बसा" म्हणायचे, कारण बसलं की पिशवी दबते. मी बायकांच्या बाजूला बसून खिडकीबाहेर बघत असे. तिकडे बघितलं तर त्यांना आणखी अवघडल्यासारखं होईल.

चौथ्या की पाचव्या फेरीला डॉक्टर म्हणाले, पुण्यात एक नवीन मशीन आलंय. चिरफाड नाही, पूर्ण भूल नाही. आतून उष्णता देऊन गाठ कमी करतात. जाऊन तर या.

गेलो. इंदापूर पुण्याच्या हमरस्त्यावर असल्याने गाडीची तरी अडचण नव्हती. पुण्याचे डॉक्टर तरुण होते आणि घाईत नव्हते, हे मला विशेष वाटलं. त्यांनी मामांना समोर बसवलं आणि कागदावर चित्र काढून समजावलं. मी दाराशी उभी होते.

"आबा, ही मूत्राशयाची पिशवी. हा बाहेर येण्याचा मार्ग. ही गाठ चारी बाजूंनी त्याला दाबतेय. आम्ही याच मार्गाने एक नळी घालतो. तिच्यातून लहरी सोडल्या की आजूबाजूची गाठ तापते. मार्ग भाजू नये म्हणून नळीतून थंड पाणी फिरत असतं. तासाभराचं काम. तापलेला भाग हळूहळू मरतो, आक्रसतो, वाट मोकळी होते."

मामा चित्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे डाग."

"काय?"

"डाग वो. मेंढराचा पाय लंगडला, पोट फुगलं, की इळा तापवून डाग देत्यात. मानसालाबी देत्यात. ह्यो बघा." त्यांनी सदरा वर करून बरगडीखालचा जुना काळपट वण दाखवला. "आईनं दिल्याला. पोटात दुखायचं, ते राहिलं."

डॉक्टर खूश झाले. इतक्या लवकर कोणी समजून घेतलं नसावं. म्हणाले, "अगदी बरोबर. आतून दिलेला डाग समजा."

मामा नवऱ्याकडे वळले. "डाग हाय रं. मग काय न्हाय. देऊ द्या."

त्याआधी आठवडाभर ते "शेगडी लावत्यात म्हनं आत" म्हणून घाबरून होते. उष्णतेनेच दुखणं झालं आणि वर आणखी उष्णता, हे त्यांना पटत नव्हतं. डाग म्हटल्यावर सगळं पटलं. डाग त्यांच्या ओळखीचा होता.

उपचार झाला तो तासभर मी बाहेरच्या बाकावर बसून काढला. आत फक्त नवरा. बाहेर आल्यावर मामांचा चेहरा घामेजलेला होता, पण ते चालत आले. "कसं वाटलं?" नवऱ्याने विचारलं. "ऊन पान्यात बसल्यावानी. शेवटी शेवटी लई चटकं बसलं. पर इळ्यापरीस बरं."

डॉक्टरांनी सांगितलं की आत आता सूज येईल, म्हणून नळी काही आठवडे तशीच राहील. गुण लगेच दिसत नाही. नंतर नळी काढून बघू. लघवी आपली आपण झाली तर उत्तम. औषधं वेळेवर, आणि पाणी भरपूर. "भरपूर म्हणजे भरपूर, ताई. यांच्यामागे लागून पाजा."

घरी आल्यावर मी मामांच्या खाटेशी तांब्या-भांडं ठेवू लागले. दिवसातून चार वेळा तांब्या भरायचा. रिकामा झालेला असे. मी नवऱ्याला म्हणाले, "चांगलं पाणी पितायत." "पिशवी भरते का?" "मी काय मोरीत जाऊन बघू?" तो म्हणाला, "असेल की," आणि पाळीवर गेला.

आठ-दहा दिवसांनी मामांना हुडहुडी भरली. दुपारची वेळ, डबे नुकतेच गेलेले. दोन घोंगडी घातली तरी खाट हलत होती. पोटाशी हात धरून कण्हत होते. शेजारच्यांना हाक मारून पोट दाबून बघायला सांगितलं तर ते टणक लागलं. नळी तुंबली होती. नवरा कारखान्यात. मी जीप ठरवली, मामांना मागच्या बाकावर आडवं केलं आणि निघाले. जंक्शन गावाच्या पुढे रस्ता इतका खराब होता की प्रत्येक खड्ड्याला ते "आई गं" म्हणत. एरवी माझ्यादेखत त्यांनी कधी आवाज केला नव्हता.

बारामतीच्या डॉक्टरांनी नळीतून औषधाचं पाणी मारून ती मोकळी केली. मग पिशवी माझ्यापुढे धरली. मामा डोळे मिटून पडले होते, नाहीतर उठून बसले असते.

"पाणी पितात का हे?"

"तांब्याच्या तांब्या पितात."

"हे बघा. काढ्यासारखं झालंय. पाणी पिणाऱ्या माणसाची लघवी आहे ही?"

मी मामांकडे बघितलं. त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले.

दुसऱ्या दिवशी तात्या दवाखान्यात भेटायला आले. ताप उतरला होता. मी खाटेच्या पायथ्याशी बसून मोसंबं सोलत होते. तात्यांनी आल्या आल्याच सुरुवात केली, "काय आबा, पानी पीत न्हाईस म्हनं?"

"तू गप."

"गप कशापायी? तुज्या शेळ्या मी राकतोय, बोलायचा हक्क हाय मला. सूनबाईला पळापळ करायला लावलीस."

मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आरं, डाग दिलाय आत. डागाला पानी चालतंय व्हय? तू सांग."

तात्या विचारात पडले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "न्हाय चालत."

"मग? खपली धरंपतूर डाग कोरडा ऱ्हायाला पायजे का नगं? आन ह्यो डाग दिलाय कुठं, तर पान्याच्या वाटंवरच. कालव्याच्या फाट्याचं काम काढलं की आदी पानी बंद करत्यात. का शिमिट वलं आस्ताना वरनं पानी सोडत्यात?"

मी सालं हातात धरून बसले. बोलणं बिनचूक होतं. फक्त त्याने माणूस मरायला टेकला होता.

"मग तांब्यातलं पाणी कुठं जायचं, मामा?" मी विचारलं. आजवर मी त्यांना थेट प्रश्न असा विचारला नव्हता.

"दारातल्या कडीपत्त्याला," मामा भिंतीकडे बघत म्हणाले.

तात्या फिस्सकन हसले. "मंग कडीपत्त्याला लगवी व्हत आसंल की धो धो! आबाची अडली आन झाडाची सुटली!" शेजारच्या खाटेवरचा माणूसही हसला. मामांनी घोंगडं तोंडावर ओढलं.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. त्यांना आधी हसू आलं, मग त्यांनी समजावलं. हा डाग कातडीवरचा नाही, आत खपली धरायची नाही. भाजून मेलेले कण सुटतात, ते लघवीतूनच बाहेर पडायला हवेत. पाणी कमी पडलं की तिथेच अडकतात, जंतू वाढतात. मामांनी सगळं ऐकून घेतलं. डॉक्टर गेल्यावर तात्यांना म्हणाले, "पुन्याचा म्हनतो डाग हाय. बारामतीचा म्हनतो डाग न्हाय. दोगांनी आदी आपसात ठरवा म्हनावं, मंग मला सांगा."

तात्यांनीही प्रयत्न केला. "कोकनात डाग दिल्याली मेंढरं पावसात भिजायचीच की."

"आन त्यातली किती मेली?"

तात्यांनी पुन्हा टोपी काढली.

मला तेव्हा कळलं की बोलून काही होणार नाही. त्यांना पटवायला माझ्याकडे वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर ताकदही नव्हती. इंदापूरला परत आल्यावर मी तांब्या ठेवणं बंद केलं. भांडं भरून घेऊन जायचं आणि ते संपेपर्यंत खाटेसमोर उभं राहायचं. पहिल्या दिवशी त्यांनी भांडं हातात घेतलं आणि मी आत जाण्याची ते वाट बघत राहिले. मी गेले नाही. चुलीवर कालवण होतं, ते करपलं तरी गेले नाही. शेवटी ते तोंड दुसरीकडे वळवून घटाघटा पाणी प्यायले. सुनेने सासऱ्यासमोर असं ठाण मांडून उभं राहणं म्हणजे त्यांच्या माळावर भांडणच. पण मी भांडत नव्हते. मला फक्त भांडं रिकामं हवं होतं.

पिशवीही मीच ओतू लागले. नवऱ्याची दुसरी पाळी, तो यायचा मध्यरात्रीनंतर, आणि पिशवी किती भरली हे कोणीतरी बघायलाच हवं होतं. मी टवके उडालेलं जुनं पातेलं घेतलं, खाटेपाशी बसले, खालची तोटी उघडली. मामांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे ताठ झालेले मला दिसत होते. पहिले तीन-चार दिवस ते जेवताना माझ्याकडून भाकरीही मागून घेत नसत, ताटात असेल तेवढंच खात. मग मी न विचारता वाढायला लागले.

बाकी दिवस जात होते. डबे, पाणी, पिशवी, डबे. मुलांच्या शाळेची फी भरायची राहिली. मास्तरांनी डबा बंद केला, भाजी खारट झाली म्हणाले, आणि झालीही होती. रात्री मी अंथरुणावर पडले की बाहेरच्या खोलीतून मामांचा खोकला ऐकू येई आणि मी मनात म्हणे, आता उठायला लावू नका. मला त्यांची कीव येत नव्हती. मला झोप हवी होती.

पिशवीतला रंग मात्र फिका होत गेला. मधूनमधून कण दिसत, चहाच्या चोथ्यासारखे. डॉक्टरांनी सांगितलेलं तेच असावं, म्हणून मी ते मामांनाही दाखवलं. "हे बघा, सुटतंय." त्यांनी डोळ्यांच्या कडेने बघितलं. त्या दिवशी पाण्याचं भांडं मी समोर उभी न राहताच संपलं. कढीपत्त्याकडे मी तरीही एकदा बघून आले. माती कोरडी होती.

मग पहिल्यांदा नळी काढायचा दिवस आला. बारामतीला गेलो. सकाळी नळी काढली, दुपारपर्यंत मामा दवाखान्याच्या ओसरीत फेऱ्या मारत राहिले. पाणी प्यायले, चहा प्यायले, संडासात जाऊन दार लावून उभे राहिले. बाहेर माणसं खोळंबलेली, कोणीतरी दार वाजवे. एक थेंब आला नाही. पोट तटतटलं तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. ते म्हणाले, मधे ताप आला, त्यामुळे सूज ओसरायला वेळ लागतोय. आणखी काही आठवड्यांनी बघू. मामांच्यादेखत बोलले नाहीत, मला व्हरांड्यात घेऊन म्हणाले, "त्या वेळीही नाही झालं तर मग नळी कायमची धरून चाला."

मी ते मामांना सांगितलं नाही. पण त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं असावं. परतीच्या गाडीत आम्हाला जागा मिळाली, शेजारी शेजारी. निमगावच्या आसपास ते म्हणाले, "तात्याला सांगावा धाड. शेळ्या इकून टाक म्हनावं."

शेळ्या विकल्या की माळावर परत जायला कारणच उरत नव्हतं. ते आमच्या बाहेरच्या खोलीत त्या खाटेवर राहणार, आणि मी आतल्या खोलीत पदर घेऊन. ते हे समजून बोलत होते आणि मीही समजून उत्तर दिलं.

"विकायच्या तर पुढच्या वेळी नळी काढल्यावर विका. आज काय बाजार पळून चाललाय?"

"आन झाली न्हाय तर?"

"नाही झाली तर मीच विकून येते. सुप्याला. तुमच्यापेक्षा चार पैसे जास्त आणते."

ते हसले नाहीत. पण सांगावा धाड असं पुन्हा म्हणाले नाहीत.

दुसऱ्या वेळी नळी काढली तेव्हा थंडी सरत आली होती. डॉक्टरांनी मापाच्या खुणा असलेलं प्लॅस्टिकचं भांडं दिलं. यात करायची, म्हणजे किती झाली ते कळेल. मामांनी भांडं घोंगड्याआड घेतलं. पाणी पिऊन झालं, फेऱ्या झाल्या. दुपार झाली. संडासाकडे ते दोनदा गेले आणि तसेच परत आले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा मी त्यांच्या चालण्याकडे बघितलं आणि मला वाटलं, हा माणूस उभ्या आयुष्यात बंद दाराआड गेला नाही. मेंढरांमागे, रानात, माळावर, जिथे कोणी नाही तिथे जाऊन आलेला. इथे दाराबाहेर रांग, आत फिनेलचा वास, आणि आम्ही म्हणतो, कर.

"मामा, मागं मोकळा प्लॉट आहे. तिकडं जाऊन या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चालंल का?"

"जा."

दवाखान्याच्या मागच्या फाटकातून ते बाहेर गेले. पलीकडे वेड्या बाभळीचं रान माजलं होतं. ते त्यात दिसेनासे झाले. मी फाटकाला पाठ लावून रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. आया आली. "ओ बाई, पेशंट कुठं सोडला? पडला-बिडला तर?"

"येतील."

"डॉक्टर मला बोलतील."

"मला बोलायला सांगा."

ती गेली. मी उभी राहिले. बराच वेळ झाला. मनात इकडचं तिकडचं येत होतं. संध्याकाळच्या डब्याचं काय, भाजीला काय करायचं, बाहेरच्या खोलीत पडदा लावता येईल का, पडदा लावला तर उजेड कुठून येणार. नळी कायमची, असं मी धरून चालायला लागले होते. मागे पाचोळा वाजला तरी मी वळले नाही. ते समोर येईपर्यंत थांबले.

मामा समोर आले. घोंगडं खांद्यावर होतं, आणि भांडं आड धरलेलं नव्हतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे केलं.

"बघ," म्हणाले. "किती हाय बघ."

मी बघितलं. फार नव्हती. डब्यातल्या आमटीच्या वाटीएवढी. पण फिकी, स्वच्छ होती.

"धार लागली का थेंब थेंब?" मी विचारलं. विचारून झाल्यावर मला कळलं की मी काय विचारलं.

"आदी थेंब. मंग बारीक धार. थांबली. पुन्यांदा आली." ते एकेक नीट आठवून सांगत होते. "थांबू का अजून? अजून ईल वाटतंय."

"थांबा. पाणी आणते."

संध्याकाळपर्यंत ते आणखी दोनदा बाभळीत जाऊन आले. दर वेळी भांडं माझ्या हातात देत आणि माप वाचायला लावत. डॉक्टरांनी पोट तपासलं, सोनोग्राफी केली. थोडी मागे राहतेय, पण चालेल, म्हणाले. रात्री दोन-तीनदा उठावं लागेल. काही वर्षांनी पुन्हा अडचण येऊ शकते. आज नळी नको.

एवढं ऐकलं आणि मामांनी काठी उचलली. डॉक्टर म्हणाले एक दिवस जवळ राहिलात तर बरं. तात्या निरोप मिळून आलेलेच होते, ते म्हणाले, मी हाय की तिथं, अडली तर जीपनं आनतो. मग मला थांबवायला काही कारण उरलं नाही. मी थांबवलंही नाही. गोळ्यांची पुडी तात्यांच्या हातात दिली आणि कोणती केव्हा ते त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

बारामतीच्या स्टँडवर मोरगावची गाडी आधी लागली. तात्या खिडकीतून टोपी टाकून जागा धरायला धावले. मामा माझ्याजवळ उभे होते. माझी इंदापूरची गाडी पलीकडच्या फलाटाला होती. माझ्या पिशवीत त्यांचं धोतर आणि दोन सदरे होते, ते मी त्यांना काढून दिले. घोंगडं त्यांच्या खांद्यावरच होतं.

"चार दिस ऱ्हावा म्हनू नगंस," ते म्हणाले.

"नाही म्हणत."

त्यांनी मान हलवली, पायरीवर पाय ठेवला, आणि आत जाता जाता कंडक्टरला विचारलं, "मधी कुठं थांबवतोस का रं? म्हाताऱ्या मानसाला उतरावं लागंल."